राधिकाची नागपुरी आणि आमच्या काकू

महोदय,

झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ला सुरू होऊन २०२१ला संपली, पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ओट्यावर ती अजून सुरूच आहे. परवा हळदीकुंकवाला तिळगूळ हातातच राहिला आणि वाद पेटला, नायिका राधिकाने नवऱ्याला, गुरुनाथला, किती वेळा सांभाळून घ्यावं? शेजारच्या काकू तडकल्या, "काहून ऐकते वं ते त्याचं? मसाल्याचा धंदा चांगला चालून राहिला ना!"

माझंही मत तेच. धंदा उभा राहिला तिथेच मालिका थांबायला हवी होती; पुढे नुसतं ताणणं झालं.

खरी तक्रार मात्र बोलीची आहे. नायिका नागपूरची म्हणून आई तव्यावर पोळी टाकून टीव्हीपुढे यायची. (पोळी करपायचीच.) दोन मिनिटं ऐकून म्हणायची, "असं कोण बोलते इथं?" अनिता दाते यांनी राधिका मनापासून उभी केली, यात वाद नाही. पण प्रत्येक वाक्याला ‘राहिले’ चिकटवलं की नागपुरी होत नाही. ती हेलात असते.

पुन्हा नागपूरची नायिका आणाल, तर संवाद आधी आमच्या काकूंना वाचायला द्या. चहा आमच्याकडून.

– एक प्रेक्षक, महाल, नागपूर