धसकटांच्या दिवसांत कुत्र्याचे पंजे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळू आणि हरभरा निघाला, तुरीचे खुंट रानात उघडे पडले, उसाचे फड रिकामे होऊ लागले की अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात कुत्री लंगडायला लागतात. राखणीची कुत्री, मेंढरांमागची कुत्री, हौसेने पाळलेली मुधोळची कारवानी, कोणीच सुटत नाही. ‘काटा भरला असेल, निघेल आपोआप’ म्हणत चार-सहा दिवस जातात आणि पंजा फुगलेल्या भाकरीसारखा टम्म झाला की धावाधाव सुरू होते. त्यात अलीकडे मोबाईलवर अमेरिकेतल्या फिजंटच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून तिकडचे उपाय इकडे करायची पद्धत पडू लागली आहे. तिथे ते उपाय बरोबरच आहेत. इथे मात्र त्यांतल्या काहींनी चांगला पंजा बिघडतो, म्हणून हे पत्र.

फिजंट हा आपल्या मोर-रानकोंबड्यांच्या कुळातला पक्षी. दक्षिण डकोटा राज्यात त्याचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, जानेवारीअखेर मिटतो आणि फक्त नर मारायची मुभा असते. हंगामाच्या शेवटी उरलेले पक्षी पाणथळीतल्या दाट गवतात दडून बसतात. तोवर बर्फाचा वरचा थर काचेसारखा कडक झालेला असतो. कुत्र्याचा पाय तो थर फोडून आत जातो आणि बाहेर येताना पंजाखालची गादी कापली जाते. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात, बोटे फाकतात, बेचकी सोलते. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ त्यात झोंबते. म्हणून तिकडचे लोक बाहेर पडण्याआधी पंजाला मेणाचा किंवा व्हॅसलीनचा जाड लेप देतात आणि रबरी बूट चढवतात. बर्फ चिकटू नये एवढेच त्या लेपाचे काम. आपल्याकडे फेब्रुवारीत तोच लेप लावून कुत्रे रानात सोडले तर अर्ध्या तासात त्याला फुफाटा, पाला आणि कुसळे चिकटतात, बेचकीत खडबडीत गोळा होतो आणि पावलागणिक कातडी घासली जाते. शिवाय तेलकट लेपाने गादी मऊ पडते आणि मऊ गादी धसकटावर लवकर फाटते.

इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. व्हिडिओ पाहून कुत्रे घेऊन मोर, तित्तर, लावा किंवा सशामागे जाणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबरच कुत्र्याकरवी पाठलाग करणे, हाकणे, सापळा लावणे हेही धरले आहे. ‘आम्ही फक्त कुत्रे पळवतो, मारत नाही’ ही सबब चालत नाही, आणि चालूही नये. कारवानीला पळवायचेच असेल तर मोकळ्या माळावर, दोरीने ओढलेल्या चिंधीमागे पळवावे. पायाची काळजी तेव्हाही तेवढीच लागते.

आता आपल्या रानाकडे येऊ. सगळ्यांत मोठा शत्रू कुसळ. माळावरचे कुसळी गवत पावसाळा संपला की वाळते आणि त्याची टोके सुटू लागतात. एक कोरडे कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पिळलेली शेपटी उलगडत गरगर फिरताना दिसेल. पुढचे टोक सुईसारखे टोकदार आणि त्यावर मागे वळलेले बारीक राठ केस. त्यामुळे आत जायची वाट मोकळी, परतीची बंद. कुत्र्याच्या बेचकीत घाम आणि ओल असतेच. त्या ओलीने कुसळ फिरते आणि प्रत्येक पावलाच्या दाबाने पुढे सरकते. बाहेर राहते ती टाचणीच्या डोक्याएवढी लाल पुळी. आत कुसळ कधी बोटाच्या मुळापर्यंत, कधी मनगटापर्यंत चढलेले असते. पुळी फुटते, पाणी येते, आठवडाभर बरी वाटते, पुन्हा फुटते. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी सूज उतरते, पण गोळ्या थांबल्या की जखम परत तोंड काढते, कारण मूळ काडी आतच आहे. एक्स-रेमध्ये वाळलेली काडी दिसत नाही. सोनोग्राफीत दिसू शकते. बऱ्याचदा डॉक्टरांना भूल देऊन चीरच द्यावी लागते. एकच बोट किंवा एकच बेचकी कुत्रे सारखे चाटत असेल तर खरूज म्हणून मलम चोळत बसू नका, कुसळ शोधा.

शोधायचे ते त्याच संध्याकाळी, रानातून आल्याबरोबर. कुत्र्याला कुशीवर झोपवा, बॅटरीचा उजेड घ्या. प्रत्येक पायाला चार बोटे आणि त्यांच्यामध्ये तीन बेचक्या. आधी वरून आणि मग खालून बेचकी फाकवा. खालची बाजू नेमकी राहून जाते आणि कुसळ तिथूनच शिरते. मग मोठ्या गादीच्या मागची खोबण, आणि शेवटी पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे वरचे नख, त्याच्या मुळाशी. प्रत्येक बोट दोन चिमटींत धरून हलके दाबा. कुत्रे पाय ओढून घेईल तिथे थांबून नीट पाहा. चारही पाय मिळून पाच मिनिटे लागतात. कुसळाचे टोक दिसत असेल तर चपट्या चिमट्याने कातडीलगत धरून ज्या दिशेने शिरले त्याच रेषेत सावकाश ओढा. झटका दिला तर शेपटी हातात येते आणि टोक आत राहते. पश्मी जातीच्या लांब केसांच्या कुत्र्यांचे बोटांखालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीवर आणून ठेवावेत. खोल, कातडीपर्यंत भादरू नयेत. थोड्या केसांनी बेचकीला आडोसा मिळतो. गोचिडीही बेचकीतच दडतात. त्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढाव्यात. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये.

दुसरा शत्रू धसकटे. शाळू मुळासकट उपटून काढला असेल तर रान बरेच निर्धोक राहते. विळ्याने कापला असेल तर तिरकी, टोकदार धसकटे उभी राहतात आणि मक्याची त्याहून वाईट. पण खरा धोका तुरीच्या खुंटाचा, कारण तो लाकूड असतो. त्याची जखम वरून वाटाण्याएवढी आणि आत बोटभर खोल, कधी आरपार. अशी जखम वरून दोन दिवसांत मिटते आणि आत पू धरते. तिला घट्ट पट्टी बांधून बंद करणे ही सर्वांत नेहमीची चूक. तिचे तोंड उघडे राहिले पाहिजे. कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटे पाय बुडवून ठेवावा आणि तिसऱ्या दिवशीही सूज असेल तर डॉक्टर गाठावा. खुंटाचा तुकडा खोल रुतून बसला असेल तर घरी उपटू नका. तसाच ठेवून दवाखान्यात न्या.

उसाच्या फडात आणखी दोन गोष्टी. पाचट अंथरलेले असेल तर बुडख्यांची कोयत्याने तासलेली टोके त्याखाली झाकलेली असतात आणि पळणाऱ्या कुत्र्याला ती दिसत नाहीत. पाचट जाळले असेल तर वरून विझलेल्या राखेखाली निखारे तग धरतात, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत कुत्रे आत सोडू नये. शिवाय राख ओली झाली की तिचे क्षारपाणी होते आणि सोललेल्या गादीला भाजल्यासारखे झोंबते. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचेही तेच. ती आम्लच आहे. काढणीच्या दिवसांत माणसांची बोटे चिरतात, मग कुत्र्याच्या उघड्या जखमेचे काय होत असेल? अशा रानातून आल्यावर आधी साध्या पाण्याने पाय धुवावेत, बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात आणि मगच तपासावेत.

कारवानीबद्दल थोडे वेगळे. वेगाने पळून एकदम वळणारे हे कुत्रे पुढच्या पायाच्या मनगटामागे असलेली छोटी गादी ब्रेकसारखी जमिनीला टेकवते. मुरमाड माळावर तीच आधी सोलते, आणि खालचा पंजा ठीक दिसला म्हणून तिकडे कोणी बघत नाही. या सडपातळ, पळणाऱ्या जातींत गादीच्या मधोमध कुरूप होण्याचीही प्रवृत्ती असते. कुत्रे कठीण रस्त्यावर लंगडते आणि मऊ मातीत नीट चालते, ही त्याची खूण. कुरूप ब्लेडने खरवडू नये. ज्या कुत्र्याचे 2005 मध्ये टपाल तिकीट निघाले, ज्याला सैन्याने आपल्यात घेतले, त्याचे पाय त्याच्याच मुलखात असे दुर्लक्षित राहावेत याचे वाईट वाटते.

ताजी जखम झाली तर पहिले काम रक्त थांबवणे. गादीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे चीर लहान असली तरी अंगण लाल होते; घाबरू नये. स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून पूर्ण दहा मिनिटे धरा, मधे उचलून बघू नका. दुखऱ्या पायाला हात लावला तर मायाळू कुत्रेही चावते. म्हणून आधी सुती नाड्याचा फास नाकाडावर घ्या, हनुवटीखाली एक फेरा द्या आणि कानांमागे सुटणारी गाठ मारा. धाप लागलेल्या कुत्र्याला किंवा उलटी होत असताना तोंड बांधू नये. मग एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट दीड चमचा, म्हणजे साधारण 9 ग्रॅम मीठ टाकून जखम धुवा. बारीक खडे निघेपर्यंत सिरिंजने धार सोडा. नंतर पोव्हिडोन आयोडीन, पण सरळ बाटलीतले नको. 10 टक्क्यांचे द्रावण असेल तर लिटरभर पाण्यात 10 मिली. रंग पातळ कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. गादीचे साल लोंबत असेल तर ओढून काढू नका. खालचे कोवळे मांस तेच झाकते. जखम फाकली असेल किंवा आतले मांस दिसत असेल तर सहा-आठ तासांच्या आत टाके पडले पाहिजेत. त्यानंतर कडा सुकतात आणि जंतू बसतात.

पट्टी बांधताना प्रत्येक बेचकीत कापसाची पातळ वात ठेवावी, वरच्या नखाखालीही. नाहीतर बोटे एकमेकांवर घामेजून चार दिवसांत नवीन जखम होते. गॉजचा पट्टा बोटांकडून वर न्यायचा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत. मधल्या दोन बोटांची टोके बाहेर ठेवायची. ती फुगली, गार पडली किंवा नखे एकमेकांपासून फाकली तर पट्टी आवळली आहे असे समजून लगेच सोडायची. चिकटपट्टी ताणून गुंडाळल्यामुळे पंजा काळा पडल्याच्या तक्रारी दवाखान्यांत येतात त्या याच चुकीने. बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी चढवा आणि आल्याबरोबर काढा. पट्टी ओली झाली, वास आला किंवा कुत्रे ती कुरतडू लागले तर तेव्हाच बदला, एरवी रोज. वरवरची सोललेली गादी आठ-दहा दिवसांत भरते. खोल चिरेला तीन आठवडे किंवा जास्त लागतात आणि तोवर धावायला बंदी.

जखमेवर चुना, जळके ऑइल, डिझेल, फिनेल, स्पिरिट यांतले काहीही लावू नका. जंतूंबरोबर नवी कातडीही मरते, आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते. घरातल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या तर हातात घेऊच नका. कुत्र्याच्या जठराला त्यांनी व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडांच्या मृत्यूंमुळे डायक्लोफिनॅक 2006 पासून जनावरांसाठी बंदच आहे.

पावसाळ्यानंतर पंजा मऊ असतो, म्हणून एकदम दिवसभर रानात नेऊ नये. काढणीच्या तीन आठवडे आधीपासून मुरमाच्या वाटेवर रोज पंधरा-वीस मिनिटे चालवा, दर तीन-चार दिवसांनी पाच-दहा मिनिटे वाढवा. खोबरेल लावायचे असेल तर रात्री, कोरड्या पंजाला, बोटभर. गादी टणक व्हावी म्हणून तुरटी किंवा हिरड्याचे पाणी रोज चोळणारे आहेत, पण अति टणक गादी सुकून चिरते. नख जमिनीवर टकटक वाजत असेल तर वाढले आहे. काळे नख दर वेळी कणभर कापा आणि कापलेल्या टोकाच्या मधोमध काळा ठिपका दिसला की थांबा. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरा.

बूट वाईट नाहीत. तुरीच्या रानात ते उपयोगी पडतात, पण रबरात पाय घामेजतो. तासाभराने काढून पाय वाळवायला हवा आणि वरच्या नखाला घासत नाही ना ते पाहायला हवे. अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिरांकडे चामडे आणि हात दोन्ही आहेत. मऊ बकरीच्या कातड्याचा, हवा खेळेल असा पंजाबूट त्यांनी करून पाहिला तर त्याला गिऱ्हाईक मिळेल.

पशुवैद्यकीय दवाखान्यांना एक विनंती. रेबीजच्या लसीकरण शिबिरांना गावोगाव कुत्री येतातच. जानेवारीच्या अखेरीला आठवडी बाजाराच्या दिवशी तसेच पंजे तपासणीचे एक टेबल मांडावे. एक चिमटा, बॅटरी, मिठाचे पाणी आणि गॉज एवढेच साहित्य लागते. आपल्या शेतीविषयक पानावर काढणीच्या आठवड्यात बेचकी कशी तपासावी याचे एक चित्र छापले तर मेंढरांमागे फिरणाऱ्या, ज्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचणार नाही अशा मेंढपाळांपर्यंतही ते जाईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
चिकोडी तालुका, जि. बेळगाव