क्लीनर चालवल्यावर संगणक बिघडला: पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या रजिस्ट्री क्लीनरमुळे झालेले नुकसान

महोदय,

साताऱ्यात माझं लहानसं डीटीपी सेंटर आहे. दुकानातला विंडोज १० चा संगणक सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लावायचा, म्हणून ४ एप्रिलला तुमच्या रजिस्ट्री क्लीनरचं, म्हणजे विंडोजमधल्या जुन्या नोंदी पुसणाऱ्या प्रोग्रॅमचं, मोफत स्कॅन चालवलं. लाल अक्षरांत आलं: १,३८६ गंभीर त्रुटी, संगणक धोक्यात. खाली सवलतीचं घड्याळ सेकंद मोजत होतं. मी घाबरले, १,४९९ रुपये भरले आणि ‘सर्व दुरुस्त करा’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना, स्कॅनर सापडेना. ऐन लग्नसराई, दोन पत्रिकांची प्रुफं त्याच दिवशी द्यायची होती. ‘पूर्ववत करा’ दाबलं तर बॅकअपच नाही. तो घेण्याची खूण सेटिंगमध्ये तुम्हीच आधीपासून काढून ठेवलेली. एक पत्रिका शेजारच्या दुकानातून करून घेतली. दुसरं गिऱ्हाईक गेलं. त्या घरच्या तीन लग्नांच्या पत्रिका आजवर माझ्याकडेच झाल्या होत्या.

शेवटी दुरुस्तीवाल्याला विंडोज नव्याने टाकावी लागली. त्याने जे समजावलं ते तुम्ही पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही, तिच्यात लाखो नोंदी असतात. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या हजारभर नोंदी मागे राहिल्या तरी त्यांना जागा लागते अगदी थोडी. विंडोज हवी ती नोंद थेट काढते, अख्खी वही वाचत बसत नाही. त्यामुळे या नोंदी पुसून वेग वाढत नाही. उलट, चुकीची एक नोंद गेली तरी चालू प्रोग्रॅम बंद पडू शकतो. माझा संगणक रखडत होता तो जुन्या हार्ड डिस्कमुळे. त्याजागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवल्यापासून तो अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपण पाठिंबा देत नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं आहे. हे मला आता कळलं. तुम्हाला तर ते पहिल्यापासून माहीत असणार.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच. नवी विंडोज टाकल्यावर, दुसरं काहीही न बसवता, मी तुमचं मोफत स्कॅन मुद्दाम पुन्हा चालवलं. ४१२ गंभीर त्रुटी! तासाभरापूर्वी बसवलेल्या विंडोजमध्ये कसल्या त्रुटी? दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावणं आणि संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे काढणं, दोन्ही त्यांत बसतं. तुमचं ते घड्याळ मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून मोजत होतं.

माझे १,४९९ रुपये आणि दुरुस्तीवाल्याला दिलेले ८०० रुपये परत करा. पुसलेल्या १,३८६ नोंदींपैकी कोणती ‘गंभीर’ होती आणि का, हे लेखी कळवा. बॅकअपची खूण सर्वांसाठी आधीपासून चालू ठेवा, कारण माझ्यासारखे दुकानदार ती शोधायला जात नाहीत.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, बँकेचा तपशील आणि दुरुस्तीचं बिल सोबत आहे.

आपली ग्राहक,
डीटीपी सेंटर चालक, सातारा