बांधावरून आठवलं

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

डेन्व्हरला अजून बर्फ आहे. शनिवारी रात्री ‘हेवन्स गेट’ नावाचा जुना सिनेमा लावला. साडेतीन तासांच्या वर चालला. सुरुवातीचा पदवीदान समारंभ संपता संपत नाही. तुम्ही तेवढ्यात घोरायला लागला असता. पण गोष्ट तुमच्या कामाची आहे, जमिनीची.

आमच्या उत्तरेला वायोमिंग राज्य आहे. तिथं सरकारी माळावर बड्या मालकांची गुरं फुकट चरायची. कायद्यानं १६० एकर मिळतात म्हणून छोटे शेतकरी आले, तर मालकांनी त्यांना सरसकट गुरंचोर ठरवलं. १८९२ साली टेक्सासहून बंदूकवाले भाड्यानं आणले. छोट्यांच्या बाजूच्या नेट चॅम्पियन नावाच्या गड्याला लाकडी खोपटात घेरलं. तो दिवसभर गोळ्या झाडत होता आणि मधेमधे खिशातल्या वहीत काय चाललंय ते लिहीत होता! शेवटी खोपट पेटवलं, बाहेर पळाला तसा मारला. मग चिडलेल्या लोकांनी त्या टोळीला वेढा घातला, तर राष्ट्राध्यक्षांनी फौज धाडून टोळीचाच जीव वाचवला. खटल्याचा खर्च जिल्ह्याला झेपेना. सगळे सुटले.

सिनेमात मात्र हाच चॅम्पियन आधी मालकांचा मारेकरी दाखवलाय. ते मला पटलं नाही.

दिग्दर्शक मायकेल चिमिनो. आधीच्या सिनेमाला ऑस्कर मिळालेलं, त्यामुळं त्याला कोण अडवणार? सव्वा कोटी डॉलरच्या आतलं काम साडेचार कोटींच्या घरात नेलं. १९८० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला लागला आणि आठवडाभरात उतरवला. पुढच्या वर्षी कापून आणला, तरी पडलाच. चॅप्लिननं साथीदारांबरोबर काढलेली युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी त्यानंतर विकली गेली.

तरी एक प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. तंबूसारखा मोठा हॉल, सगळं गाव पायांना चाकं लावून गरागरा फिरतंय, आणि एक पोरगा तशाच चाकांवरून फिडल वाजवत सगळ्यांच्या पुढं. मग हॉल रिकामा होतो, नायक-नायिका दोघंच नाचत राहतात. एवढ्यासाठी मी त्याला पैशांची उधळपट्टी माफ केली. जनावरांचे जे हाल केले म्हणतात, ते नाही.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. आणि आपल्या बांधाच्या केसची पुढची तारीख कधी पडलीय? वकिलाची फी मी पाठवतो, तुम्ही कुणाकडं उसने मागू नका.

तुमचा,
संजू