राहून गेलेल्या सेवेची नोंद कोण ठेवणार?

संपादक महोदय,

माझी चार वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात न्यूमोनियाने सहा दिवस रुग्णालयात होती. आता ती खडखडीत बरी आहे. कुणावर ठपका ठेवायचा नाही, म्हणून रुग्णालयाचं नाव देत नाही. पण तिसरी रात्र काही केल्या मनातून जात नाही.

डाव्या हाताला सलाईन लावलेलं, हात हलू नये म्हणून खाली पट्टी आणि वरून बँडेज. रात्री दोनच्या सुमारास ती झोपेतच कण्हायला लागली. मला वाटलं, ताप चढला असेल. बेल वाजवली, कुणी आलं नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर पलीकडच्या खोलीत एका बाळाला झटके येत होते आणि दोन्ही सिस्टर तिथेच अडकल्या होत्या. पाऊण तासाने एक जण धावत आली. बँडेज सोडलं तर हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म सुजलेला, कातडी ताणून चकाकत होती, बोटं गार. सलाईन शिरेबाहेर मांसात जात होतं. सिस्टरने सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दर तासाला बघायचं असतं हो, ताई. बारानंतर मला यायलाच जमलं नाही."

त्या रात्री वॉर्डात २८ मुलं होती आणि ड्युटीवर त्या दोघीच.

सकाळी चार्टवर नवी सुई लावल्याची नोंद होती. एकची तपासणी राहिली, दोनची राहिली, हे मात्र कुठेच नव्हतं. त्यासाठी रकानाच नसतो.

घरी आल्यावर मी साधा हिशोब मांडला. लहान मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, कारण तो एकसारखा चालत नाही आणि प्रकृती बिघडू लागली की बहुतेकदा फरक आधी तिथेच दिसतो. एकीच्या वाट्याला १४ मुलं, म्हणजे नुसते श्वास मोजायलाच १४ मिनिटं. मुलांचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे जोखमीचा डोस दोघींनी पडताळायचा असतो. त्या दोघी डोस तपासत उभ्या राहिल्या की वॉर्डाकडे बघायला कुणीच उरत नाही. मोठा माणूस निदान हाक मारतो, हात दुखतोय म्हणून सांगतो. तान्हं बाळ फक्त रडतं, आणि मुलांच्या वॉर्डात रडण्याकडे कोण किती लक्ष देणार?

नर्सिंगच्या अभ्यासकांना हे नवं नाही. अमेरिकेतल्या बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसशी बोलून नेहमी काय राहून जातं ते मांडलं: कूस बदलणं, रुग्णाला चालवणं, वेळेवर भरवणं, अंग पुसणं, धीर देणं, लक्ष ठेवणं. युरोपातल्या ९ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात नर्समागे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियात २००४ पासून संख्येवर कायद्याने मर्यादा आहे: मुलांच्या वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त ४ मुलं.

आपल्याला ही उणीव जाणवत नाही, कारण ती आपणच भरून काढतो. ओल्या फडक्याने अंग पुसणं, चमच्याने भरवणं, लघवी किती झाली ते लक्षात ठेवणं, सगळं आईच करते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई घरच्या तान्ह्या बाळासाठी रात्री निघून जायची. त्याचा ओला कपडा सकाळपर्यंत तसाच असायचा. दोनदा मी बदलला.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक पाळीला वॉर्डच्या दारावर लिहा: आज रुग्ण किती, नर्स किती. आणि चार्टमध्ये 'झालं नाही, वेळ मिळाला नाही' असा एक रकाना ठेवा, जो भरल्याबद्दल कुठल्याही सिस्टरला मेमो मिळणार नाही. त्या रात्री मला खरं सांगताना ती आधी दाराकडे बघत होती.

आपली,
एक आई