लाल कार्ड राहू द्या, सुनावणी द्या

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय रग्बीत अपघाताने झालेल्या फाउलला लाल कार्ड देण्याबाबत

महोदय,

नाशिकमधल्या काही पालकांचं आणि क्रीडाशिक्षकांचं एक निवेदन लवकरच आपल्या टेबलावर येईल. मागणी एका ओळीची आहे : शालेय रग्बीत लाल कार्ड फक्त मुद्दाम केलेल्या फाउललाच द्यावं. ते माझ्याकडेही सहीला आलं होतं. मी सही केली नाही. निवेदन घेऊन आलेली मंडळी माझीच, त्यांची पोरं माझ्याच हाताखाली खेळतात. म्हणून नकाराचं कारण चारचौघांत सांगणं भाग आहे.

ज्या सामन्यावरून हे पेटलं तो मी कडेला उभा राहून पाहिला. सात-सात जणांचा खेळ, सात-सात मिनिटांची दोन सत्रं. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, मैदान निसरडं. आमचा नववीतला पोरगा, दिंडोरीकडचा, कबड्डीतून आलेला, चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला ताठ उभाच धावला. समोरच्याचा पाय सटकला, तो खाली आला आणि छातीवर बसायचा खांदा कानशिलावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. पंचांनी शिट्टी मारून लाल कार्ड काढलं. पोरगा “सर, तो घसरला ना” एवढंच म्हणत राहिला, आणि ते खरंच होतं. मग पालक आत, शिक्षक आत, सगळे पंचांभोवती. ज्याला लागलं होतं तो मुलगा तेवढ्यात उठून उभा राहिला आणि आपल्याच गोलरेषेकडे तोंड करून चेंडू मागायला लागला. त्याच्याकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

माझ्या मते तिथे पिवळं कार्ड, म्हणजे थोडा वेळ बाहेर बसणं, पुरलं असतं. पण ते ‘त्याने मुद्दाम केलं नाही’ म्हणून नव्हे. निवेदनाशी माझं भांडण आहे ते याच जागी.

डोक्याला धक्का लागला की पंचांनी काय विचार करायचा, याची वर्ल्ड रग्बीने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, ठरवून दिलेली एक साखळी आहे. डोक्याला संपर्क झाला का? झाला असेल तर तो फाउल होता की खेळाच्या ओघात घडलेली गोष्ट? फाउल असेल तर धोका किती मोठा? आणि शेवटी, शिक्षा सौम्य करावी असं काही होतं का, म्हणजे समोरचा अचानक खाली आला, दिशा बदलली, वगैरे. यात खेळाडूच्या मनात काय होतं हा प्रश्न जवळपास नाहीच. तो येतो फक्त उलट्या बाजूने : मुद्दाम केलेल्या फाउलला सवलत नाही. म्हणजे निव्वळ अपघाताला सूट नियमात आधीच आहे. आमच्या सामन्यातल्या घसरलेल्या पायाची दखलही तिथेच घेता आली असती. त्यासाठी नवा नियम नको होता, पंचाला पाच सेकंद शांतपणे विचार करता यायला हवा होता.

मोठ्या मैदानांवरही हे चुकतं. 18 मार्च 2023 ला डब्लिनमध्ये इंग्लंडचा फ्रेडी स्टीवर्ड आयर्लंडच्या ह्यूगो कीननवर आदळला. कीनन सुटलेला चेंडू उचलायला वाकला होता, स्टीवर्ड धडक टाळायला अंग वळवत होता, आणि त्याचा कोपर कीननच्या डोक्याला लागला. लाल कार्ड निघालं. नंतर शिस्त समितीने सांगितलं की हे पिवळं असायला हवं होतं, आणि स्टीवर्डवर पुढे बंदी आली नाही. इंग्लंडचा पराभव काही पुसला गेला नाही, पण पोराच्या नावावरचा डाग गेला. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं कार्ड व्हिडिओ तपासून लाल झालं. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचं, डोक्याच्याच संपर्काबद्दलचं, पिवळंच राहिलं. न्यूझीलंड 12-11 ने हरलं. या दोन निर्णयांवर लोक अजून भांडतात आणि भांडू देत. पण केनने मुद्दाम मारलं असं त्याचा वैरीसुद्धा म्हणत नाही. तो ताठ उभ्याने गेला, एवढंच पाहिलं गेलं.

द्वारका चौकात सिग्नल तोडून कोणाला उडवणारा ‘मुद्दाम नाही हो केलं’ म्हणतो तेव्हा आपण मान डोलावत नाही. निवेदन घेऊन आलेल्यांना कबड्डीचंच विचारावं. कैची मारली तर पंच पोराच्या मनात शिरून पाहतात का? पाय कुठे होता ते पाहतात. रग्बी आली की मात्र सगळ्यांना मनकवडे व्हायचं असतं.

डोक्याबाबत हा खेळ इतका कडक का झाला, तेही निवेदनात नाही. इंग्लंडने 2003 चा विश्वचषक जिंकला त्या संघातला स्टीव्ह थॉम्प्सन याला चाळिशी ओलांडताच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आपण जिंकलो ते आठवत नाही असं तो स्वतः सांगतो. त्याला धडकणाऱ्यांतल्या किती जणांच्या मनात पाप असेल? मेंदूला बसणारा हादरा हेतू विचारून बसत नाही. फ्रान्सने 2019 मध्ये हौशी खेळात टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, कमरेच्या खाली आणला, इंग्लंडने 2023 मध्ये छातीच्या हाडाच्या खाली. ‘मुद्दाम’ हा शब्द नियमात घातला तर आमच्यासारखे प्रशिक्षक पोरांना खाली वाकायला शिकवायचं सोडून चेहरा निष्पाप ठेवायला शिकवतील. मी माझ्या धंद्याला ओळखतो.

कोणीतरी आपल्याला वीस मिनिटांचं लाल कार्डही सुचवेल. दक्षिण गोलार्धात सुरू झालेला हा प्रयोग 2025 मध्ये युरोपातल्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेतही आला : खेळाडू बाहेरच राहतो, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. पंधरा जणांच्या 80 मिनिटांच्या सामन्यात याला अर्थ आहे, मलाही ते पटतं. आमचा सामना चौदा मिनिटांचा. वीस मिनिटांत पोरं कपडे बदलून वडापाव खात असतात.

आता पालकांची बाजू, कारण त्यांचा राग खोटा नाही. त्यांना लाल कार्डाची भीती नाही, त्यानंतर जे होतं त्याची आहे. शालेय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकते. पोरगा बाहेर गेला तर पुढचा सामना गेला, विभागाची निवड गेली, त्यामागून दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण ही स्वप्नंही गेली. सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यातल्या एखाद्या घराला हे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. स्टीवर्डला समिती मिळाली. आमच्या पोराला मिळाला पंचाचा एक कागद, आणि त्यावर दाद मागायला कोणी नाही.

म्हणून माझी मागणी अशी. नियमाला हात लावू नका. जिल्हा स्पर्धेपासून प्रत्येक लाल कार्डाची सुनावणी त्याच संध्याकाळी, मैदानावरच व्हावी : दोन तटस्थ माणसं, मोबाइलवरचं चित्रण असेल तर ते, आणि पोराचं म्हणणं. अपघात दिसला तर दुसऱ्या दिवशी त्याला खेळू द्यावं आणि निवडीच्या कागदावर कार्डाचा उल्लेख राहू नये. बेफिकिरी दिसली तर बंदी, पण आधी टॅकलची उंची शिकवल्याचा प्रशिक्षकाचा दाखला मागा. तो नसेल तर बंदी प्रशिक्षकावर घाला, माझ्यावरसुद्धा. आणि ज्याच्या डोक्याला लागलं त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, मग तो कितीही ठणठणीत दिसो, अंतिम सामना असो नाहीतर काही. त्या निसरड्या मैदानावरच्या मुलाला दुसऱ्या सत्रात परत उतरवलं होतं. निवेदनात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.

यासाठी नवीन निधी लागत नाही. पुढच्या हंगामाच्या स्पर्धा परिपत्रकात चार ओळी वाढवाव्या लागतील.

आपला,
एक रग्बी प्रशिक्षक, नाशिक

प्रत माहितीसाठी : जिल्हा क्रीडा अधिकारी, नाशिक