विषय निवडताना शेवटचं सत्र आधी पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की कोणती पदवी घ्यावी यावर भरपूर लिहून येतं. पदवी ठरल्यावर कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने व्यवसाय व्यवस्थापन शिकणाऱ्यांची खरी फरफट तिथेच होते. माझी झाली, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षी मी सोपे वाटणारे विषय उचलले: व्यवस्थापनाची तत्त्वं, व्यावसायिक संवाद, मनुष्यबळ. गणिताची धास्ती होती, म्हणून सांख्यिकी पुढे ढकलली. तिसऱ्या वर्षी वित्त व्यवस्थापनाचं पुस्तक उघडलं. जोखीम आणि परतावा या प्रकरणाच्या चौथ्याच पानावर प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते सांगणारं सांख्यिकीतलं माप) आलं, आणि ते वाचणाऱ्याला येतंच असं पुस्तकाने धरून चाललेलं. वर्गात असतो तर शेजारच्याला विचारलं असतं. रात्री साडेअकराला घरी कोणाला विचारणार? त्याच सत्रात विपणन संशोधन होतं, त्यात नमुना निवड आणि गृहीतकांची चाचणी, म्हणजे पुन्हा सांख्यिकीच. दोन्ही विषय राहिले. सांख्यिकीला नाव नोंदवायला गेलो, तर तो विषय वर्षातून एकाच सत्रात असतो असं कळलं. ते सत्र नुकतंच सुरू होऊन गेलं होतं. अख्खं वर्ष वाया गेलं.

आज कोणी विचारलं तर मी सांगतो, माहितीपुस्तिका मागून पुढे वाचा. शेवटच्या वर्षी वित्त घ्यायचंय की विपणन, ते आधी ठरवा. मग त्या विषयाला आधी काय लागतं, त्याच्याही आधी काय लागतं, असं एका कागदावर आधीच्या विषयाकडून पुढच्याकडे जाणाऱ्या बाणांनी काढा. ज्या विषयातून सर्वांत जास्त बाण निघतात, ते पहिल्या दोन सत्रांतच उरकायला हवेत. बहुधा ते लेखाशास्त्र, सांख्यिकी आणि अर्थशास्त्र निघतात, म्हणजे नेमके आपण टाळतो तेच. प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या सत्रात मिळतो तेही लिहा. माझ्या कागदावर एवढं असतं तरी पुरलं असतं. लेखाशास्त्र झालं की कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, लगेच पुढच्या सत्रात घ्यावं. मध्ये वर्ष गेलं तर जमाखर्चाच्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतात.

दुसरी गोष्ट तासांची. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. इतर ठिकाणी हे माप वेगळं असू शकतं, ते आपल्या पुस्तिकेत बघून घ्यावं. पण या मापाने सहा-सहा क्रेडिटचे दोनच विषय घेतले तरी ३०० ते ३६० तास होतात. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २० ते २४ तास! नोकरी करणाऱ्याने हे फॉर्म भरण्याआधी मांडून बघावं. आकड्यांचा एक आणि वाचनाचा एक, अशी जोडी मला मानवली. आकड्यांचा विषय रोज थोडा थोडा हाताखालून जावा लागतो. वाचनाचा सुट्टीच्या दिवशी सलग बसून होतो. मात्र त्याचे स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर टाकले की दोन्ही विषय कोलमडतात.

हे सगळं विद्यार्थ्याने एकट्याने शोधून काढावं, हे मला पटत नाही. कुठला विषय कशावर उभा आहे, हे पुस्तक लिहिणाऱ्यांना ठाऊक असतंच. संस्थांनी तो तक्ता पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावा आणि प्रवेशाच्या वेळी कोणीतरी दहा मिनिटं बसून समजावून सांगावा. आपल्या शिक्षणाच्या पानावरही, नावनोंदणीची मुदत संपायच्या आत, असा एखादा नमुना तक्ता द्यावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक