शुगरची गोळी एक, आतली औषधे दोन-तीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाची वेचणी सुरू झाली की बाया सकाळी सातला घोटभर चहा घेऊन वावराची वाट धरतात. डबा उघडतो तो अकरा-साडेअकराला. ज्यांना शुगर आहे त्या निघतानाच चहासोबत गोळी घेऊन टाकतात, मागाहून विसरायला नको म्हणून. नऊ-दहाच्या सुमारास हात थरथरू लागतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबतच्या म्हणतात, ऊन लागले. पुष्कळदा ते ऊन नसते. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असते.

गावात जिला ‘शुगरची गोळी’ म्हणतात तिच्यात बहुधा दोन औषधे असतात, कधी तीन. नावापुढे १ असेल तर साधारणपणे ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५००. २ असेल तर ग्लिमेपिराइड २. ‘फोर्ट’ लिहिले असेल तर मेटफॉर्मिन बहुतेक वेळा १०००. तिहेरी गोळीत यांच्या जोडीला पायोग्लिटाझोन किंवा व्होग्लिबोज. या औषधांचे स्वभाव वेगळे आहेत. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरते आणि एकटे घेतले तर साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, मग पोटात अन्न असो की नसो. त्याचा जोर दोन-तीन तासांत चढतो, अंमल दिवसभर राहतो. म्हणून ही गोळी दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणासोबत घ्यायची. चहा-टोस्ट म्हणजे जेवण नव्हे. घरून भाकर-भाजी खाऊन निघणे जमत नसेल, तर गोळी डब्यासोबत बांधून न्यावी आणि वावरात जेवायला बसताना घ्यावी. डॉक्टरांना वेचणीची वेळ सांगून हे एकदा ठरवून घ्यावे.

साखर उतरली तर काय द्यायचे, इथे बारीक पण मोठी चूक होते. साधा उपाय म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून पाजायची, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग जेवण. पण गोळीत व्होग्लिबोज असेल तर साखर, गूळ, गुळाचे पन्हे यांपैकी काहीच वेळेवर कामाला येत नाही, कारण साखर फोडून रक्तात सोडणारी आतड्यातली क्रियाच हे औषध अडवते. अशा रोग्याजवळ ग्लुकोजची पावडर असायलाच हवी. ओआरएसवरही विसंबू नका: त्याच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम, म्हणजे पेलाभरात जेमतेम पावणेतीन. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. आणि ग्लिमेपिराइडने साखर उतरलेला म्हातारा माणूस साखरपाण्याने उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. मूत्रपिंड कमजोर असले की औषध अंगात रेंगाळते आणि रात्री साखर पुन्हा उतरते.

दुसरा धोका दोन दवाखान्यांमुळे होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ अशा सुट्या गोळ्या मिळतात, दोन्ही सकाळ-संध्याकाळ. मध्येच तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी २ फोर्ट दिवसातून दोनदा लिहिली. पहिल्या गोळ्या बंद करा हे कुणी सांगितले नाही आणि रंग-आकार वेगळे, म्हणून दोन्ही सुरू राहतात. हिशेब करून पाहा: ग्लिमेपिराइड ६ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ३०००. मेटफॉर्मिनची दिवसाची कमाल मात्राच २००० ते २५०० आहे. नव्या डॉक्टरांपुढे घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट ओताव्यात, यापेक्षा खात्रीचा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

संयुक्त गोळी वाईट आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गोळ्यांची संख्या कमी झाली की चुकारपणा कमी होतो. पण मात्रा सुट्या गोळ्यांवर बसवून घ्यावी, मगच एकत्र गोळी सुरू करावी. एकत्र गोळीतून एक औषध तेवढे गाळता येत नाही, ही तिची अडचण. नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, एकादशी यांत जेवण चुकते आणि ग्लिमेपिराइड कमी करावे लागते, मेटफॉर्मिन बहुधा चालते. हगवण-उलटीत उलटे: मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे शुगरचे औषध) आधी थांबवायची, कारण अंगातले पाणी आटले की मूत्रपिंड मंदावते आणि मेटफॉर्मिन साचून रक्तात आम्ल वाढू शकते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे विशेष ध्यानात ठेवावे. उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर त्या दिवशी गोळी घेऊ नये, साखर तपासावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. खाणेपिणे पूर्ववत झाले की गोळी पुन्हा सुरू करायची, आपल्या मनाने महिनाभर बंद ठेवायची नाही. एक गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. मोहाची असो की दुकानातली, दारू आणि ही गोळी एकत्र आली की साखर हमखास दगा देते.

पैसे वाचवायला गोळीचे दोन तुकडे करणारेही आहेत. नावापुढे एसआर असेल तर तोडू नका, चावू नका. त्यातले मेटफॉर्मिन हळूहळू सुटण्यासाठी बांधलेले असते. तोडले की सगळे एकदम पोटात उतरते आणि मळमळ, जुलाब सुरू होतात.

वर्षातून एकदा तरी रक्तातले क्रिएटिनिन तपासून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते तो आकडा, काढून घ्यावा. तो ४५ च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन साधारण निम्मे, ३० च्या खाली गेला तर बंद. बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू असून पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासावे, सगळा दोष शुगरवर टाकू नये.

विदर्भापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या रोग्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी खोटी कमी येते. नुसत्या वाहकातही (अंगात दोष आहे, पण आजार नाही) काही यंत्रांवर आकडा चुकतो. त्यावरून गोळी वाढवणे-घटवणे धोक्याचे. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर धरून चालावे, आणि घरात सिकलसेल आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

दुकानात मिळते म्हणजे ठीकच असणार, हेही खरे नाही. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली, त्यांत मधुमेहाच्या काही गोळ्या होत्या.

डॉक्टरांना विनंती, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाखाली आतली औषधे आणि त्यांची मात्रा मराठीत लिहावी, जुने काय बंद करायचे तेही लिहावे. औषध दुकानदारांना विनंती, हातात पैसे नसलेला माणूस पाच गोळ्या मागतो तेव्हा गोळ्यांची पट्टी कापावीच लागते, पण घटक आणि मुदत छापलेला तुकडा त्याच्याकडे जाऊ द्यावा. तसा तुकडा उरत नसेल तर कागदी पाकिटावर पेनाने लिहून द्यावे: आत काय, किती, आणि ‘जेवणासोबत’.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे औषधनिर्माते
जि. यवतमाळ